सहा मिलिमीटरचा शोध

"सर, डीएमएसओ बी सहाच दाखवून राहिलं," उज्ज्वला म्हणाली.

मी तेव्हा पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडत होतो. अशा वेळी माणसाला हळू बोललेलं ऐकू येत नाही.

"कोण सहा?"

"डीएमएसओ. नुसता सॉल्व्हंट, सर. त्यात आपलं काहीच नाही. तरी बी सहा."

"अगं, डीएमएसओ बी थोडाफार मारतेच," मी म्हणालो. "तो कॉलम काढून टाक. टेबल उगाच लांब होते."

तिनं काढून टाकला. गाइडनं सांगितलं की विद्यार्थी काढतात. या दोन मिनिटांत मी किती घाण करून ठेवली ते पुढे येईलच. आधी थोडी ओळख करून देतो, म्हणजे हसताना कोणाला हसायचं ते तुम्हाला कळेल.

मी लाखनीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. कॉलेज हायवेला लागून. ट्रकनं हॉर्न दिला की फळ्यावरचं समीकरण अर्ध्यातच थांबवावं लागतं. उज्ज्वला कापगते माझी पीएचडीची विद्यार्थिनी. माहेर सिहोऱ्याचं, सासर लाखनीजवळच्या एका गावात. आमच्याच कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की नोकरीपण सुट्टीवर जाते. कायम जागेच्या मुलाखतीला पीएचडी लागते. तिची नोंदणी संपायला महिना राहिला होता. त्याआधी विद्यापीठातल्या कमिटीसमोर एक सेमिनार द्यायचा, तो मंजूर झाला तरच थेसिस जमा करता येतो. नापसंत झाला तर नोंदणी रद्द, आणि सहा वर्षांचं काम पुन्हा पहिल्या पानापासून. सेमिनार पुढच्या गुरुवारी होता.

आता काम काय होतं ते सांगतो. तांबं, निकेल, कोबाल्ट, यांना आम्ही संक्रमण धातू म्हणतो. जस्ताला काही जण या घराण्यातलं मानत नाहीत, पण पीएचडीत सगळ्यांना सामावून घ्यावं लागतं. लिगंड म्हणजे धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, खेकडा बोट कसा पकडतो? दोन्ही नांग्यांनी, दोन्हीकडून. लिगंड धातूच्या अणूला तसाच पकडतो. ही उपमा माझी नाही. अशा पकडीला 'चिलेट' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच खेकड्याची नांगी. वर्गात मात्र मी ती स्वतःची म्हणून खपवतो.

उज्ज्वलानं आधी लिगंड बनवला. दोन रसायनं अल्कोहोलमध्ये घालून तीन तास मंद उकळायची. वर कंडेन्सर असतो, त्याला लागून वाफ थंड होऊन पुन्हा खाली येते, म्हणून काही उडून जात नाही. थंड झालं की पिवळे स्फटिक. मग त्यात एकेका धातूचं मीठ, म्हणजे क्षार. तांब्याचा गडद हिरवा पदार्थ आला, निकेलचा केशरी, कोबाल्टचा तपकिरी, जस्ताचा फिकट पिवळा. यांना कॉम्प्लेक्स म्हणतात. रंग बदलला की विद्यार्थ्याला बरं वाटतं. गाइडला शोध लागल्यासारखं वाटतं.

त्यानंतर बघायचं असतं की हे पदार्थ जिवाणू मारतात का. आमच्याकडे ती सोय नाही. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या बोरकर मॅडम आहेत, त्यांच्या लॅबमध्ये हे काम होतं. पद्धत सोपी आहे. काचेच्या ताटलीत जेलीसारखा थर असतो, त्यावर जिवाणू पसरतात. फिल्टर पेपरच्या छोट्या गोल टिकल्या आपल्या पदार्थाच्या द्रावणात भिजवून त्यावर ठेवतात. एक टिकली नुसत्या सॉल्व्हंटची, म्हणजे पदार्थ ज्या द्रवात विरघळवले त्या डीएमएसओची. ताटली चोवीस तास उबेत. औषध चाललं तर टिकलीभोवती जिवाणू उगवत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. त्या गोलाला झोन म्हणतात. पट्टी लावून झोन मोजायचा. मोठा झोन, मोठं औषध.

मॅडमकडच्या तयार टिकल्या संपल्या होत्या. मी म्हणालो, चिंता नको, मी आणतो. आमच्या ऑफिसमधली पंचिंग मशीन घेतली, फिल्टर पेपरच्या घड्या केल्या आणि दुपारभर खटॅक-खटॅक करत बसलो. आमचे हेडक्लार्क बडेबाबू दोनदा येऊन विचारून गेले, "सर, फाइल कोणती लावून राहिले?" मी म्हणालो, "विज्ञानाची." टिकल्या सुंदर पडल्या. त्या डबीत भरल्या, मॅडमनं त्या निर्जंतुक करून घेतल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला.

आणि आणखी एक कबुली. आमच्या धंद्यात एक परिच्छेद असतो. जवळजवळ सगळ्या थेसिसमध्ये तो सापडतो. लिगंडनं पकडलं की धातूचा विद्युतभार वाटला जातो, रेणू तेलकट स्वभावाचा होतो, जिवाणूच्या तेलकट आवरणातून आत घुसतो, म्हणून कॉम्प्लेक्स नुसत्या लिगंडपेक्षा जास्त मारतं. हे खरं असूही शकतं. पण मी तो परिच्छेद रिपोर्ट यायच्या पंधरा दिवस आधी टाइप करून ठेवला होता. फक्त आकड्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

बुधवारी रिपोर्ट आला. मॅडमच्या नेटक्या अक्षरात. लिगंड सहा, कोबाल्ट सहा, निकेल सहा, जस्त नऊ, तांबं चौदा, डीएमएसओ सहा. शेवटी तुलनेसाठी बाजारातलं अँटिबायोटिक, सव्वीस. सगळं मिलिमीटरमध्ये.

मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. एकही शून्य नाही! पाचपैकी पाच पदार्थ जिवाणू मारतात. कोबाल्ट आणि निकेल लिगंडएवढंच मारत होते, ते माझ्या परिच्छेदात बसत नव्हतं, पण बरोबरीत सुटले म्हणून सोडून दिलं. चौकातून पेढे मागवले. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

प्राचार्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लांजेवार, हे पेपरात द्यायला पाहिजे. कॉलेजचं नाव होते."

"सर, आधी सेमिनार होऊ द्या," मी म्हणालो. इतक्या हळू म्हणालो की मलाच नीट ऐकू आलं नाही.

शनिवारी बातमी आली. 'लाखनीच्या प्राध्यापकाचे जिवाणूनाशक संशोधन. पाचही रसायने प्रभावी.' उज्ज्वलाचं नाव शेवटच्या ओळीत, तेही चुकीचं छापलेलं. वर माझा फोटो, हातात निळीशार टेस्ट ट्यूब. ती मोरचूदाची, म्हणजे साध्या कॉपर सल्फेटची होती. आमचे कॉम्प्लेक्स फोटोत चिखलासारखे दिसत होते म्हणून फोटोवाल्यानं नाकारले.

त्याच दिवशी अकरा वाजता उज्ज्वलाचे सासरे लॅबच्या दारात उभे. गोविंदाजी कापगते. धानाचे शेतकरी. सायकलला फवारणीचा पंप बांधलेला, खिशात घडी केलेला पेपर. उज्ज्वला स्लाइड दाखवायला आलीच होती, ती त्यांना पाहून गडबडली.

"मामाजी, तुमी काहून आले?"

"तुह्यासाठी नाई आलो, सरसाठी आलो," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सर जी, हे तुमची दवाई कडाकरप्यावर चालते का?"

"कडाकरपा?"

"पानाची कड सुकत येते जी धानाची. कृषीवाले म्हणतेत तो बी जिवाणूच होये. पेपरात तुमचा फोटो पायला तं म्हटलं, घरचीच दवाई असून आपण दुकानातून कायले आणाची? पंप धुऊनच आणला."

मी घसा साफ केला. "चालायला पाहिजे."

"पाहिजे म्हंजे? मारून पायली का?"

"शेतात नाही. ताटलीत मारली. पाचही औषधांनी जिवाणू मेले."

"आन् बिना दवाईच्या ताटलीत?"

"म्हणजे?"

"आमी नवी दवाई आणली का एक बांधी तशीच ठेवतो जी, बिना मारल्याची. नाई तं कसं समजन, दवाईनं बरा झाला का आपोआप झाला? तुमच्या बिना दवाईच्याचं काय झालं?"

उज्ज्वला फरशीकडे पाहत होती. आमच्या लॅबची फरशी इतकी पाहण्यासारखी नाही.

"सहा," ती म्हणाली. "मामाजी, बिना दवाईचं बी सहा."

"आन् दवाईचं?"

"तिघांचं सहाच."

गोविंदाजींनी पेपरची घडी पुन्हा घातली. "मंग सर जी, दवाई अन् पानी सारखंच झालं का?"

टोमणा मारत नव्हते ते. खरंच विचारत होते. म्हणूनच जास्त लागलं. मी म्हणालो, चौदावालं एक आहे, तांब्याचं. त्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"तांब्याचं? मोरचूद तं माहा बाप बी मारे जी."

ते पंप घेऊन गेले. मी उरलेल्या पेढ्यांचा डबा पिशवीत घातला आणि भंडाऱ्याची एसटी पकडली.

बोरकर मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान, पण त्यांच्यासमोर मी आपोआप सरळ बसतो. त्यांनी टेबलावरचा पेपर पुढे सरकवला.

"अभिनंदन सर. पण पाच कोणते? मी तर दोनच पाहिले."

"मॅडम, सहा, सहा, सहा, नऊ, चौदा. पाच झाले ना?"

"सहा कसे धरता?"

"सहा म्हणजे सहा मिलिमीटर. झोन."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. विद्यार्थी गमतीत बोलतोय की खरंच, हे ठरवताना शिक्षक बघतात तसं.

"सर, आम्ही झोन टिकलीसकट मोजतो. या कडेपासून त्या कडेपर्यंत, टिकली मधे धरून. सगळीकडे तसंच मोजतात. टिकली सहाची होती. सहा म्हणजे भोवती काहीच नाही. जिवाणू टिकलीला चिकटून उगवलेत."

"मग शून्य लिहायचं ना!"

"शून्य लिहिलं तर टिकलीच गायब झाली असं होईल." मग त्यांना आठवलं. "टिकल्या तुम्हीच पाडल्या होत्या ना? कशानं?"

"ऑफिसच्या पंचिंग मशीननं."

मॅडमनं मी आणलेल्या डब्यातून एक पेढा घेतला, डबा बंद केला आणि माझ्याकडे सरकवला. "हे मग मशीनला द्या. पेपरात आलंय ते तिचं माप आहे."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो आणि कोणी ओळखू नये म्हणून चेहरा बाहेर ठेवला होता. ओळखणार कोण? पण फोटो छापून आलेल्या माणसाला वाटतं की सगळी बस त्यालाच बघतेय.

सोमवारी सकाळी उज्ज्वलाला सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे लिगंड गेला, कोबाल्ट गेला, निकेल गेला."

"हो."

"मले वाटलंच होतं सर. पण तुमी पेढे वाटून राहिले होते."

यावर मी जे बोललो ते लिहिताना हात अडतो, पण लिहितो. मी म्हणालो, "कमिटीत तिघंही केमिस्ट्रीचेच आहेत. टिकलीचं माप कोणाच्या ध्यानात नाही येणार. टेबल आहे तसंच राहू दे."

उज्ज्वला उठली. "सर, मामाजीच्या पाच मिनिटात ध्यानात आलं. ते आठवी शिकले."

तिनं टेबलाची स्लाइड उघडली.

"डीएमएसओचा कॉलम मी परत टाकते," ती म्हणाली. "आणि दोन टिकल्या आणखी लावू. एक नुसत्या कॉपर ॲसिटेटची, एक झिंक ॲसिटेटची. लिगंड नाही, फक्त धातूचं मीठ. नाही तर कोणी बी म्हणेल, तांबं तर असंच मारते, तुमच्या लिगंडनं काय केलं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न सहा वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तांबं मारतं हे जगाला माहीत आहे. आमचं काम एवढंच सिद्ध करायचं होतं की खेकड्यानं पकडलेलं तांबं मोकळ्या तांब्यापेक्षा जास्त मारतं. तेच आम्ही तपासलं नव्हतं. कॉपर ॲसिटेटनंही चौदा दाखवलं असतं तर आमच्या हातात पिवळे, हिरवे, केशरी रंग सोडून काहीच उरलं नसतं.

मॅडमला फोन केला. म्हणाल्या, "या. टिकल्या या वेळी माझ्या. तुम्ही मशीन आणू नका."

मिठात आणि कॉम्प्लेक्समध्ये धातूचं प्रमाण सारखं राहील असं वजन उज्ज्वलानं स्वतः केलं. मी मागे उभा राहून सूचना देत होतो, तिनं एकही ऐकली नाही. संध्याकाळच्या आत ताटल्या उबेत गेल्या. मंगळवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा भंडाऱ्यात. मॅडमनं कपाट उघडलं, ताटली काढली, उजेडासमोर धरली आणि उज्ज्वलाच्या हातात दिली.

"तूच मोज."

तिनं पट्टी लावली. परत लावली. ताटली फिरवून तिसऱ्यांदा लावली. मी मधे बोललो, "किती?"

"थांबा ना सर!"

सहा वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा खेकसली. मॅडम गालात हसल्या.

"मीठ दहा," ती शेवटी म्हणाली. "कॉम्प्लेक्स चौदा."

"टिकलीसकट?" मी विचारलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

जस्तात मात्र मीठही नऊ आणि कॉम्प्लेक्सही नऊ. म्हणजे तिथे आमच्या लिगंडनं फक्त रंग दिला होता. उज्ज्वलानं सगळं पुन्हा एकदा लावलं, बुधवारी पुन्हा मोजलं, आकडे तेच आले. बातमीत पाच होते. आता एक उरला. पण तो एक खरा होता. मी माझा तो परिच्छेद उघडला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. मग त्यातल्या आठ ओळींपैकी सहा खोडल्या.

गुरुवारी विद्यापीठात उज्ज्वलानं टेबल दाखवलं. लिगंड, कोबाल्ट, निकेल यांच्यापुढे तिनं सरळ लिहिलं होतं, 'क्रिया आढळली नाही.' कमिटीतले एक ज्येष्ठ सर चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, चार कॉम्प्लेक्स बनवले आणि त्यातला एकच कामाचा?"

"हो सर."

"मग बाकीचे स्लाइडवर कशाला?"

"पुढच्यानं परत बनवून वेळ घालवू नये म्हणून, सर."

दुसऱ्यांनी विचारलं, "नुसतं तांब्याचं मीठ लावून पाहिलं होतं का?"

उज्ज्वलानं पुढची स्लाइड लावली. दहा आणि चौदा. खाली डीएमएसओ, सहा, आणि कंसात 'टिकलीचा व्यास धरून'. त्या सरांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चांगलं करून घेतलं तुम्ही."

उज्ज्वला माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता 'होय सर' म्हणून बसून घ्यावं, कोणाला कळणार आहे? पण सोमवारपासून माझं अशा वाटण्यावरचं मत थोडं खराब झालं होतं.

"मी नाही करून घेतलं सर," मी उभा राहून म्हणालो. "मी तर कॉलम काढायला सांगितला होता. हे तिनं आणि तिच्या सासऱ्यांनी केलं."

"सासरे कुठल्या डिपार्टमेंटला आहेत?"

"धानाच्या, सर," उज्ज्वला म्हणाली.

कमिटी हसली. सेमिनार मंजूर झाला. दोन किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या. थेसिस नोंदणी संपायच्या अकरा दिवस आधी जमा झाला. आता तिच्या नावापुढे डॉक्टर लागलं आहे आणि गेल्या महिन्यात तिला एका कॉलेजातून कायम जागेच्या मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीला ती माझा परिच्छेद पाठ करून जाणार नाही, एवढी मला खात्री आहे.

बातमीचं मात्र काही जमलं नाही. मी वार्ताहराला फोन करून सांगितलं की पाच नाही, एकच प्रभावी, कृपया दुरुस्ती छापा. तो म्हणाला, "सर, शोध लागला ही बातमी असते. चार नाही लागले, ही कशी बातमी?" गावात अजूनही कोणीतरी अधूनमधून करप्याचं औषध विचारतं. त्यांना मी कृषी कार्यालयाचा पत्ता देतो. गोविंदाजींना सगळं खरं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मंग आधीच सांगाचं ना सर जी, मी पंप कायले धुतला असता?"

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो. दुसऱ्याच्या लॅबमधून आकडा आला की आनंद व्हायच्या आधी एक फोन करायचा आणि विचारायचं, "मॅडम, तुमच्याकडे शून्य कसं लिहितात?"